ख्रिस्ती मंडळीतील वडिलांची पात्रता कोणती, आणि त्यांचा अधिकार कुठपर्यंत?

आपल्या मुलीची सोयरीक दुसऱ्या मंडळीतील (चर्चमधील) विश्वासी, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या, मुलाशी ठरली, म्हणून आपल्या मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्या पुढाऱ्यांनी, सबंध कुटुंबाला प्रभुभोजनापासून (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीपासून) दूर ठेवले आहे. तसा अधिकार त्यांना आहे का, आणि मुळात वडील होण्यास पात्रता काय लागते, असे आपण विचारले आहे. धुळे जिल्ह्यातील एका लहान मंडळीत मी १२ वर्षे वडील म्हणून सेवा केली. मला शास्त्रातून जे कळले ते सांगतो.

गोंधळ पुष्कळदा शब्दापासूनच सुरू होतो. नव्या करारातील, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातील, मूळ ग्रीक शब्द ‘प्रेस्बुतेरोस’, म्हणजे वयाने किंवा अनुभवाने मोठा, वडीलधारा. मराठीत मात्र वडील म्हणजे बापही, आणि आपल्या खानदेशात लग्न जुळवताना बापाचा शब्द शेवटचा मानतात. तोच मान नकळत मंडळीच्या वडिलांकडे जातो. वास्तविक मत्तय या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात प्रभू येशूने शिष्यांना पृथ्वीवर कोणालाही पिता म्हणू नका असे बजावले आहे. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये प्रेषित पौल इफिसच्या वडिलांना मिलेत येथे बोलावतो आणि त्यांनाच पुढे ‘अध्यक्ष’, म्हणजे देखरेख करणारे, म्हणतो. ज्या कळपावर त्यांना नेमले आहे तो कळप मात्र देवाचा आहे.

पात्रता पौलाच्या पत्रांतील १ तीमथ्य ३ आणि तीत १ या अध्यायांत सांगितली आहे. तेथे शिक्षण, जमीन, घराणे यांचा उल्लेख नाही. शिकवण्याची हातोटी सोडली तर जवळजवळ सर्व अटी वागणुकीच्या आहेत: एका स्त्रीचा पती, मद्यपी नसलेला, मारहाण न करणारा, पैशाचा लोभ नसलेला, पाहुणचार करणारा, स्वतःचे घर नीट चालवणारा. बाहेरच्या लोकांचीही साक्ष चांगली हवी, ही अट मला फार मोलाची वाटते, कारण माणूस रविवारी कसा प्रार्थना करतो हे मंडळीला दिसते, पण उधारी कशी फेडतो आणि कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी वेळेवर देतो की नाही हे गावालाच ठाऊक असते. नवशिका नसावा, असेही पौल लिहितो. आम्ही एकदा ही अट मोडली. प्रार्थनामंदिराच्या पत्र्यांसाठी मोठी देणगी देणाऱ्या भावाला बाप्तिस्म्यानंतर वर्षभरातच वडील नेमले. पुढे जो कलह झाला त्यात तीन कुटुंबे मंडळीतून गेली. कोणावरही उतावळीने हात ठेवू नको, म्हणजे घाईने सेवेसाठी नेमू नको, हे १ तीमथ्य ५ मधील वचन त्या वेळी आमच्यापैकी कोणीही वाचून दाखवले नाही, याचे दुःख मला आजही आहे.

अधिकार खरा आहे, हे मी नाकारत नाही. वचन शिकवणे, चुकीच्या शिकवणीला विरोध करणे, आजाऱ्यासाठी तेल लावून प्रार्थना करणे (याकोब ५), पाप करणाऱ्याला समज देणे ही त्यांची कामे आहेत, आणि इब्री १३ आपल्याला पुढाऱ्यांचे ऐकायला सांगते. परंतु १ पेत्र ५ मध्ये प्रेषित पेत्र स्वतःला सोबतीचा वडील म्हणवून, कळपावर धनीपण करू नका, कित्ता व्हा, असे लिहितो. म्हणून जेथे वचन आज्ञा देते तेथे वडील आज्ञा देऊ शकतात. जेथे वचन मोकळीक देते तेथे त्यांनी सल्ला द्यावा. लग्नाबाबत १ करिंथ ७ मध्ये विधवेला ‘केवळ प्रभूमध्ये’ एवढीच मर्यादा घातली आहे. मुलगा विश्वासी असेल तर त्याची मंडळी वेगळी असणे हे पाप नाही, आणि जे पाप नाही त्याबद्दल प्रभुभोजन बंद करता येत नाही. पाप असते तरी मत्तय १८ प्रमाणे आधी एकांतात बोलणे, मग एकदोन साक्षीदार आणि अखेर मंडळी, हा क्रम पाळावा लागला असता.

आपण एकट्या वडिलांशी वाद घालू नये. नव्या करारात एका मंडळीचे वडील बहुधा अनेक असतात, तेव्हा पाळकांसह (पास्टरांसह) सर्वांना एकत्र बसण्याची विनंती करावी, दोन समंजस भावांना बरोबर न्यावे आणि कोणत्या वचनावरून ही शिस्त लावली हे नम्रपणे विचारावे. मंडळी सिनडला (अनेक मंडळ्यांच्या वरिष्ठ सभेला) किंवा बिशपांना जोडलेली असेल तर तिची लेखी घटना, म्हणजे नियमावली, मागून घ्यावी. दाद कोणाकडे मागायची ते त्या नियमावलीत पाहावे. मुलीला मात्र या बैठकीत उभे करू नये.