नायक आवडावा, म्हणून

तुझी कथा दोनदा वाचली. इंदूरचा सराफा बाजार झकास उतरलाय, पण तुझा सराफ मनात घर करत नाही. प्रामाणिक, कष्टाळू, सोशिक, सगळं आहे तो. फक्त त्याला काही हवं नाहीये. माणूस कशासाठी तरी धडपडताना दिसला की वाचक आपोआप त्याच्या बाजूने होतो.

त्याला रात्री दुकान बंद करताना दाखव. ओट्यासमोर भुट्ट्याच्या किसाची कढई लागतेय, खवय्यांची गर्दी जमतेय, आणि हा दिव्याखाली मान घालून एका म्हातारीची तुटलेली पोत ओवतोय, कारण उद्या तिच्या नातीचं लग्न आहे. तिच्यावर खेकसतोय, पण पैसे घेत नाहीये. एवढं पुरे. 'तो दयाळू होता' हे वाक्य मग खोडून टाक.

दोष बेलाशक दे, पण आधी त्याचं कसब दिसू दे. १९६६ साली एलियट अ‍ॅरन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. प्रश्नमंजुषेत हुशार ठरलेल्या उमेदवाराने अंगावर कॉफी सांडली, तर तो ऐकणाऱ्यांना जास्त आवडला. सुमार उमेदवाराने सांडली, तर आणखी नावडता झाला. म्हणून तुझ्या सराफाने सोनं नुसतं कसोटीवर घासून अचूक पारखावं, आणि मग स्वतःच्याच तरण्या मुलासमोर त्याची बोबडी वळावी.

हजरजबाबी संवाद तुला छान जमतात, पण ते त्याच्या तोंडी शोभत नाहीत. त्याच्या बायकोला दे. पुढचा खर्डा लवकर पाठव, मी वाट बघतेय.