मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन काकाडू नॅशनल पार्कला गाडीने जायचं तर दोन दिवस पुरतील का?

तुम्ही विचारलंय की जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून गाडीने काकाडूला जायचंय, सोबत सात वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले सासरे आहेत, तर दोन दिवस पुरतील का आणि फोर व्हील ड्राइव्हच घ्यायला हवी का.

दोन दिवस नाही पुरणार. निदान तीन मुक्काम करा. आणि साधी गाडी चालते. आम्हीही जुलैतच गेलो होतो, मी, नवरा, दोन मुलं आणि गुडघ्यांनी त्रस्त असलेली माझी आई. आधी मीसुद्धा दोनच रात्रींचं बुकिंग केलं होतं. नकाशात हिरवा ठिपका दिसतो, प्रत्यक्षात हे जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटर आहे. डार्विनहून पार्कमधलं जाबिरू गाव अडीचशे किलोमीटर, म्हणजे मुलांना मध्ये थांबवत गेलात तर पहिली सकाळ रस्त्यातच संपते.

जुलै निवडलात हे उत्तम केलंत. तिथले मूळ रहिवासी, बिनिंज लोक, वर्षाचे सहा ऋतू मानतात आणि जून-ऑगस्टच्या या थंड ऋतूला वुर्गेंग म्हणतात. थंड म्हणजे दुपारी तीस अंश, रात्री सतरा-अठरा. तिथल्या पावसाळ्यात कित्येक रस्ते पाण्याखाली जातात, उबिर या प्राचीन चित्रांच्या कातळांकडे जाणारासुद्धा.

आता महत्त्वाचं. दिवसाचे दोन भाग करा, पहाटे ते दहा आणि चारनंतर. मधले तास सावलीत, मुक्कामी किंवा जाबिरूजवळच्या बोवाली माहिती केंद्रात काढा. पहिल्या दिवशी आम्ही भर दुपारी नूर्लांजीच्या कातळाकडे निघालो. अर्ध्या वाटेत आई एका दगडावर टेकली, धाकट्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि बाटलीत दोनच घोट पाणी उरलं होतं. तिथूनच परत फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तीच वाट आई काठी टेकत सहज चालली. तिथल्या अनबंगबंगच्या कपारीत विजेचा देव नामरगोन रंगवलेला आहे, त्याच्या गुडघ्या-कोपरांना दगडी कुऱ्हाडी. त्या आपटल्या की गडगडाट होतो, हे कळल्यावर मुलं तिथून हलेनात.

उबिरला मात्र दुपार कलल्यावरच जा. खालच्या कपारींमधली चित्रं पाहण्यासाठी फारसं चढावं लागत नाही, सासऱ्यांना जमेल. माशाच्या आतली हाडं आणि आतडी दिसावीत तशी क्ष-किरण शैलीतली चित्रं आहेत. पँटच्या खिशात हात घालून उभा असलेला एक गोरा माणूसही आहे, तो तुमच्या मुलीला शोधायला सांगा. वरच्या नदाबच्या कातळमाथ्यापर्यंत चढाची वाट २५० मीटरच लांब आहे, पण शेवटी कातळावरून जावं लागतं. आई खालीच थांबली, तिच्यासोबत नवरा. मी मुलांना घेऊन वर गेले. चहूबाजूंनी हिरवंगार पूरमैदान, त्यावर उतरणारं ऊन. कोणीच बोलत नव्हतं.

पण सूर्यास्त पाहून अंधारात परतणं ही आमची चूक झाली. जाबिरूपर्यंतच्या चाळीस किलोमीटरमध्ये दोनदा वॉलबी (लहान कांगारू) गाडीसमोर आले. दुसऱ्या वेळी मी इतक्या जोरात ब्रेक मारला की आईचा पट्टा खांद्यात रुतला. सूर्यास्त पाहायचाच असेल तर परत येताना वेग अगदी कमी ठेवा, मागच्याला पुढे जाऊ द्या. बाकीचं सगळं ड्रायव्हिंग उजेडात.

मगरींबद्दल मी कडक बोलणार आहे, राग मानू नका. 'खाऱ्या पाण्यातली मगर' या नावाने फसगत होते. ती गोड्या पाण्याच्या नद्यांत आणि तळ्यांतही असते, समुद्रापासून खूप आतसुद्धा. पाणी संथ दिसतं म्हणून मुलीला काठावर हात धुवायला पाठवू नका. काठापासून किमान ५ मीटर लांब, आणि पाटीवर परवानगी नसेल तिथे पोहायचं नाही. उबिरजवळ नदी ओलांडायच्या केहिल्स क्रॉसिंगला भरतीच्या वेळी मगरी माशांसाठी रांगेत थांबलेल्या दिसतात. ते दृश्य फक्त वरच्या मचाणावरून पाहा. पलीकडे आर्नहेम लँड हा मूळ रहिवाशांचा प्रदेश, तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही.

जिम जिम धबधबा सोडून द्या. त्याच्यासाठी फोर व्हील ड्राइव्ह लागते, शिवाय शेवटी मोठमोठ्या दगडांवरून चढत जावं लागतं. तुमच्या सासऱ्यांना ते झेपणार नाही. तो वेळ आणि पैसा यलो वॉटर या तळ्यातल्या पहाटेच्या बोटीला द्या, आधी बुकिंग करून. तळ्याजवळच कुइंडाला मुक्काम केलात तर पहाटे फार धावपळ होत नाही. आमच्या बोटवाल्याने इंजिन बंद केलं तेव्हा पाण्यावर वाफ होती. कमळांच्या पानांवरून एक पक्षी लांब बोटं टाकत चालला होता. आई कुजबुजली, "अगं, हा तर आपल्या कमळपक्ष्याच्याच जातीचा!" तसाच होता, फक्त याच्या कपाळावर लाल तुरा. पिल्लांना पंखाखाली धरून नेण्याचं काम यांच्यात बाप करतो, असं बोटवाल्याने सांगितलं. तेवढ्यात शेजारच्या ओंडक्याने डोळे उघडले. धाकट्याने माझा दंड असा घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत वळ होता.

रस्त्याकडेला आग आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी दिसल्या तर घाबरू नका. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला गवत मुद्दाम थोडं थोडं जाळतात, म्हणजे पुढे मोठे वणवे लागत नाहीत. धुराने सासऱ्यांना खोकला होत असेल तर काचा बंद ठेवा.

पार्कचा पास ऑनलाइन आधीच काढा. पेट्रोल जाबिरूला आणि कुइंडाला पुन्हा भरा. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, नकाशे डाउनलोड करून ठेवा. परतताना आल्या वाटेने येऊ नका, पाइन क्रीक गावावरून स्टुअर्ट हायवेने या. वाटेत ५० मीटरहून लांब रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, भेटतील. पुढे लांबवर रस्ता मोकळा दिसत नसेल तर त्यांना ओलांडायला जाऊ नका, मागेच राहा.