कंपनी म्हणते नवीन अप्रेंटिस कोर्स 'सरकारमान्य' आहे, भाच्याला पाठवू का?

बुटीबोरीच्या कंपनीतून भाच्याला बोलावणं आलं, कोर्स नवीन आहे पण सरकारमान्य आहे म्हणते, खरं का खोटं, हे विचारून राहिले ना तुम्ही?

भाऊ, खरं असू शकते, पण आधी कोणता ट्रेड ते विचारा. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हे डेजिग्नेटेड ट्रेड, ते केंद्र सरकार राजपत्रात काढते, सिलॅबस ठरलेला, शेवटी ऑल इंडिया ट्रेड टेस्ट. दुसरे ऑप्शनल ट्रेड, 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली तेव्हा आले, त्यात काय शिकवायचं ते मालक ठरवू शकतो अन् कोर्स सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर टाकतो. 'नवीन कोर्स' म्हटलं म्हणजे बहुतेक हाच. वाईट नसते बाप्पा, फक्त पुढे सरकारी भरतीत फिटरचंच सर्टिफिकेट मागितलं तर हे चालेल का ते आधीच पाहून ठेवा.

पण माझं घोडं अडलं ते दुसरीकडेच. हिंगण्याला फिटरमधे लागलो, ट्रेडचा काही प्रश्नच नव्हता, रोज सकाळी गेटवर सही, दिवसभर ग्रीसमधे हात, अन् काँट्रॅक्ट, म्हणजे कंपनीसोबतचा अप्रेंटिसचा करार, पोर्टलवर चढलंच नाही. एचआरवाला म्हणे "होऊन राहिलं ना, काऊन घाई करतो". चार महिन्यांनी चढलं, ते चार महिने हिशोबातून गेले ते गेलेच, सोबतची पोरं परीक्षेला बसली अन् मी पुढच्या बॅचची वाट पाहत बसलो. ट्रेडला मंजुरी होती हो, पण माझ्या नावाचं काँट्रॅक्ट रजिस्टर नव्हतं तर तिचं काय लोणचं घालू?

म्हणून पोराला स्वतःच्याच मोबाइल नंबरवरून पोर्टलवर रजिस्ट्रेशन करायला लावा, एचआरच्या नंबरवरून नाही. त्याच्या लॉगिनमधे काँट्रॅक्ट दिसलं पाहिजे, त्यात ट्रेडचं नाव, सुरू व्हायची तारीख, स्टायपेंड नीट वाचा. कंपनी नॅप्स, म्हणजे केंद्राच्या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत असेल तर स्टायपेंडचा 25 टक्के, जास्तीत जास्त 1500 रुपये महिना, केंद्राकडून थेट पोराच्या खात्यात येते, त्यामुळे खातं आधारला जोडलेलं पाहिजे.

अन् "नंतर परमनंट करू" म्हणत असतील तर लिहून मागा. कायद्याने अप्रेंटिस म्हणजे ट्रेनी, कामगार नाही, नोकरी द्यायलाच पाहिजे असं कंपनीवर बंधन नाही. आमच्या बॅचमधून दोघांनाच ठेवलं होतं.