अपाची की एनजिनएक्स? आधी एक बंद कर, मग लॉग उघड

तुझा प्रश्न वाचला, म्हणजे जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंस, अपाची टाकलं, म्हणजे ब्राउझरला पेज पाठवणारा वेब सर्व्हर, मग कुठल्यातरी व्हिडिओत बघून तेच काम करणारा एनजिनएक्सपण टाकलंस, आता एनजिनएक्स सुरूच होत नाही आणि अपाचीत स्वतःचं पेज लावलं की ४०३ येतो, म्हणजे 'बघायला परवानगी नाही' हा एरर, वर लोक विचारतायत दोघांत फास्ट कोण. फास्टचं सोड रे, भांडुपच्या घरात बसून तुझी साइट तू आणि तुझी बहीण बघणार, त्याला दोन्ही पुरून उरतात.

एनजिनएक्सचं आधी सांगतो, ते सोपं आहे. पोर्ट ८०, म्हणजे साइटसाठी ब्राउझर लॅपटॉपच्या ज्या दारावर ठोठावतो ते, एकच, त्यावर अपाची आधीच ठाण मांडून बसलाय. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तसं. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये (चुका नोंदल्या जातात ती फाइल) ९८ नंबरचा एरर दिसेल, ॲड्रेस ऑलरेडी इन यूज. एक बंद कर, बस. कुठला ते तू ठरव, पण शिकायला मी अपाची म्हणेन, कारण स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर अजूनही एचटी-ॲक्सेस फाइल (.htaccess, एकेका फोल्डरपुरत्या अपाचीच्या सेटिंग्ज) भेटतेच आणि ती एनजिनएक्सला कळतच नाही. अपाची १९९५चा, एनजिनएक्स इगोर सिसोएवने २००४मध्ये बाहेर आणला तो एकाच मशीनवर हजारो कनेक्शन सांभाळायचा प्रश्न होता म्हणून. तुझा तो प्रश्न नाहीये अजून.

आता ४०३. इथे सगळे अडकतात, मीपण अडकलो होतो, अख्खा रविवार गेला, आईने तीनदा जेवायला हाक मारली. तू फोल्डर होममध्ये ठेवलायस ना? मग ब्राउझर बघू नकोस, तो दोन वेगळ्या दुखण्यांना एकच ४०३ दाखवतो. व्हार, लॉग, अपाची२ (/var/log/apache2) या फोल्डरमधला एरर लॉग टेल मायनस एफ (tail -f, नवीन ओळी येतील तशा दाखवणारी कमांड) लावून उघडा ठेव आणि पेज रिफ्रेश कर. एएच०००३५ दिसला, सर्च परमिशन्स आर मिसिंग असं काहीतरी, तर अपाचीला वाटेतल्या फोल्डरमधून जाताच येत नाहीये. अपाची चालतो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या यूजरने आणि हल्लीच्या उबुंटूत होम फोल्डर दुसऱ्यांसाठी बंद असतो. फ्लॅटची चावी दिलीस पण पाहुण्याला सोसायटीच्या गेटवरच वॉचमनने अडवला, असा प्रकार. म्हणून फाइलवर कितीही चमोड ७७७ (chmod 777, सगळ्यांना सगळी परवानगी देणारी कमांड) मार, काही होत नाही (आणि ७७७ मारूच नकोस, कोणीही सांगो).

ते निस्तरलंस की परत ४०३ येईल आणि तू लॅपटॉप फेकायला निघशील. थांब, लॉग बघ, आता नंबर बदललेला असेल, एएच०१६३०, क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन. म्हणजे परमिशन ठीक आहे, आता अपाचीच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, त्या फोल्डरला रिक्वायर ऑल ग्रँटेड (Require all granted, सगळ्यांना बघू दे) ही ओळ नाहीये. उबुंटूत व्हार, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू (/var/www) फोल्डरला ते आधीच दिलेलं असतं, म्हणून खरं सांगू का, गुपचूप तिथेच फाइल ठेव आणि पुढे चल.

कॉन्फिग बदललीस की आधी अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट (apachectl configtest, लिहिण्यात चूक आहे का ते तपासणारी कमांड), सिंटॅक्स ओके आलं तरच रीलोड. मी ऑफिसात एकदा घाईत टेस्ट न करता रीस्टार्ट मारला, एक कंस बंद करायचा राहिला होता, सर्व्हर उठलाच नाही आणि मी कुर्ल्याला गाडी बदलत फोनवर बोलणी खात होतो.

बाहेरच्यांना साइट दाखवायची असेल तर ते वेगळं लफडं आहे, घरच्या कनेक्शनवर बहुतेकदा एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नाही. तोपर्यंत घरच्या वायफायवरून मोबाइलवर लॅपटॉपचा आयपी टाकून बघ. आणि ४०३ परत आला तर फक्त ४०३ लिहू नकोस, लॉगमधली शेवटची ओळ टाक.