प्रार्थना सुचतच नाही, काय करू?

प्रश्न : आई जाऊन सहा महिने झाले, बायबल उघडते पण दोन ओळींच्या पुढे जात नाही, प्रार्थनेला बसलं की नुसता रागच येतो. माझा विश्वास संपला का?

उत्तर : अगं ताई, राग येतोय म्हणजे अजून कुणाशी तरी बोलणं चालू आहे ना! स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात, १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी चक्क तक्रारी आहेत, १३ वं काढून बघ, पहिल्या दोनच वचनांत चार वेळा ‘किती वेळ’ विचारलंय, आणि ८८ वं तर सरळ अंधारातच संपतं, शेवटी गोडगोड काही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. त्यामुळे शब्द सुचत नसतील तर तेच मोठ्याने वाच, ती पण प्रार्थनाच.

अजून एक, बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा १९ वा अध्याय वाच. एलीया हा देवाचा संदेष्टा इतका थकलेला की झुडुपाखाली पडून म्हणतो, आता माझा जीव घे. देवदूत येऊन लेक्चर देत नाही, भाकर आणि पाणी ठेवतो, म्हणतो ऊठ, खा. हा खाऊन परत झोपतो, मग पुन्हा उठवून खायला सांगतो, बाकीचं बोलणं नंतर, होरेब डोंगरावर. मला तर हा भाग फार आवडतो.

तेव्हा रोज एक अध्याय वगैरे टार्गेट सध्या सोड. जेव, झोप, चर्चमधल्या एखाद्या जवळच्या बाईला सांग की माझ्या वतीने तू प्रार्थना कर. आणि झोप, भूक पार उडाली असेल तर डॉक्टरकडे जा, त्यात विश्वास कमी पडल्यासारखं काही नाही.