२,१४,७४,८३,६४७ ला भागायचं तरी कशाकशाने?

तुझा प्रश्न असा: देवगडात पाऊस, लाईट गेलेली, हाताशी साधा कॅल्क्युलेटर. २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे म्हणतात म्हणून ३, ७, ११, १३ करत भागायला बसलास आणि वैतागलास. संगणक नव्हते तेव्हा हे कळलं कसं, आणि तिला जुळी (२ च्या फरकाने येणारी) मूळ संख्या आहे का?

वर्गमूळ येतं ४६,३४० च्या जरा पुढे. तिथवर मूळ संख्या सुमारे ४,८००. एवढे भागाकार करायला सांगितलंय कोणी! ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, आणि सगळी गंमत त्या ३१ मध्ये आहे.

समज, क ही मूळ संख्या तिला भागते. म्हणजे २ च्या ३१ व्या घाताला क ने भागलं की बाकी १. फर्माच्या छोट्या प्रमेयाने २ च्या (क − १) व्या घातालाही बाकी १. आता ज्या सर्वांत लहान घाताला बाकी १ येते, तो घातांक ३१ आणि क − १ या दोघांनाही निःशेष भागतो. ३१ स्वतःच मूळ, म्हणून तो १ किंवा ३१. १ असेल तर क ने १ ला भाग जायला हवा, ते अशक्य. म्हणून क − १ ला ३१ ने भाग जातो. क विषम, तेव्हा ६२ नेही. हे एकदा कागदावर उतरव, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही. पडताळा हवा तर ३१ च्या जागी ११ घे: २०४७ = २३ × ८९. दोन्हींतून १ वजा कर, २२ ने भाग जातोच.

आणखी एक चाळण आहे. २ च्या ३२ व्या घाताला क ने भागलं की बाकी २, आणि हा घात तर पूर्ण वर्ग. त्यामुळे क ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येते (हा नियम अकरावीत नाही, तूर्त मान्य कर). दोन्ही अटी जुळवल्या की उरतात फक्त २४८न + १ आणि २४८न + ६३ (न म्हणजे ०, १, २, ३…). ६३ बाद, २४९ ला ३ ने भाग जातो, तीही बाद. ३११ मूळ, भागून बघ, बाकी ३५. मग थेट १३०३, बाकी २२६. असे उमेदवार ३७३, त्यांतले मूळ जेमतेम ऐंशीच्या घरात. दोन पावसाळी दुपारी पुरतात. गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये ती मूळ असल्याचं कळवलं ते याच वाटेने, आणि तेव्हा त्याला जवळजवळ दिसतच नव्हतं.

बाकीचं थोडक्यात. तिला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की आठवी परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीजच्या विभाजकांची बेरीज स्वतःएवढीच) मिळते. संगणकातल्या ३२ बिटांच्या चिन्हांकित (अधिक-उणे दोन्ही धरणाऱ्या) पूर्णांकाची कमाल मर्यादाही हीच, म्हणून १९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद त्यात मोजणाऱ्या जुन्या संगणक प्रणालींची घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला आपल्या सकाळी ८:४४:०७ नंतर गडबडतील.

जुळी मात्र नाही. २ वजा केले की शेवटी ५ येतो. २ मिळवले की अंकांची बेरीज ४८, म्हणजे ३ ने भाग.