फाइंड आउट, फिगर आउट आणि असर्टेन यांत नेमका फरक काय?

तिन्हींचा अर्थ 'शोधणे' असा पाठ केला की गोंधळ होतो. ठाणे स्टेशनवर वाशी लोकल कुठून सुटते हे कुणाला विचारून कळलं, तर ते फाइंड आउट. रविवारी ट्रान्स-हार्बरवर, म्हणजे ठाणे-वाशी मार्गावर, मेगाब्लॉकमुळे (दुरुस्तीसाठी) गाड्या बंद असताना कुर्ल्याहून गाडी बदलून वाशीला कसं पोचायचं, हे डोकं लावून जुळवलंत, तर फिगर आउट. असर्टेन म्हणजे खातरजमा. तो कागदोपत्रीच शोभतो, मित्राला मेसेजमध्ये लिहू नका.

खरी चूक वेगळीच होते, शिकवणीच्या वह्यांत मला ती सतत दिसते. हरवलेली किल्ली सापडली तर नुसतं 'फाउंड', पुढे 'आउट' नको. किल्ली कुणी उचलली होती ते कळलं, तर मात्र 'फाउंड आउट'.